कोळशाच्या दऱ्यांतील बालपण

विद्यार्थिमित्रहो, इतिहास म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें राजे, लढाया आणि तहांच्या तारखा उभ्या राहतात. परीक्षेपुरतें तें ठीकच आहे. परंतु ज्या गांवांत कधीं राजा राहिला नाहीं व ज्याच्या वेशीवर कधीं लढाई झाली नाहीं, त्या गांवाला इतिहास नसतो काय? आणि असल्यास तो कोठें लिहिलेला असतो? या प्रश्नाचें उत्तर शोधण्यासाठीं आज आपण ग्रेट ब्रिटनच्या पश्चिमेस असलेल्या वेल्स देशांत, त्यांतही त्याच्या दक्षिणेकडील कोळशाच्या दऱ्यांत जाऊं. तेथील इतिहास बराचसा लहान मुलांच्या आठवणींत सांठलेला आहे. आणि गांवच्या आठवणीकडे दुर्लक्ष केल्यास काय होतें, याचा धडाही तेथेंच मिळतो.

प्रथम नकाशा उघडून पाहा. हाताचा पंजा फांकून ठेवला असतां जशीं बोटें दिसतात, तशा टॅफ, ऱ्हाँडा, कनन, रम्नी, एबू वगैरे नद्यांच्या अरुंद दऱ्या उत्तरेच्या डोंगरांतून दक्षिणेस समुद्राकडे उतरत आलेल्या दिसतील. ऱ्हाँडाच्या दऱ्या दोन : एक थोरली व एक धाकटी. वेल्श भाषेंत दरीला 'कुम्' म्हणतात व हा शब्द तेथील पुष्कळ गांवांच्या नांवांत आढळतो. दरीच्या तळाशीं नदी, तिच्या कडेनें रस्ता व आगगाडीचा रूळ, आणि उरलेल्या उतारावर एकमेकांस चिकटलेल्या घरांच्या लांबच लांब ओळी, अशी या गांवांची ठेवण आहे. जागा अरुंद म्हणून घरें जवळ, आणि घरें जवळ म्हणून माणसेंही जवळ. एका घरांतील सुखदुःख ओळींतील सर्व घरांस कळावयास वेळ लागत नसे.

या दऱ्या पूर्वीपासून अशा नव्हत्या. प्रथम तेथें लोखंड आलें. मर्थर टिडव्हिल या गांवाच्या परिसरांत १७५९ सालीं डाउलेसचा व १७६५ सालीं कव्हार्थ्वाचा कारखाना निघाला. आणि १८०१ च्या खानेसुमारींत हें एके काळचें खेडें वेल्समधील सर्वांत मोठ्या वस्तीचें गांव ठरलें. याच मर्थरजवळ २१ फेब्रुवारी १८०४ रोजीं रिचर्ड ट्रेव्हिथिक याच्या वाफेच्या इंजिनानें दहा टन लोखंड व सुमारें सत्तर माणसें यांसह रुळांवरून नऊ मैलांहून अधिक मजल मारली. आपल्या मुंबई-ठाणें आगगाडीच्या एकोणपन्नास वर्षें आधींची ही गोष्ट आहे. पुढें १८४१ सालीं मर्थरपासून कार्डिफ बंदरापर्यंत आगगाडीचा मार्ग पुरा झाला, व डोंगरांतील माल समुद्रावर जाण्याची वाट मोकळी झाली.

लोखंडामागून कोळशाचें युग आलें. ऱ्हाँडाच्या दरींत १८५१ सालीं एक हजारसुद्धां माणसें नव्हतीं. जुनीं माणसें सांगत कीं, त्या काळीं झाडी इतकी दाट होती कीं खारीनें जमिनीस पाय न लावतां दरीच्या एका टोंकापासून दुसऱ्या टोंकास जावें. १८५५ सालीं ट्रेहर्बर्ट येथील खाणींतून वाफेच्या इंजिनांस योग्य असा कोळसा आगगाडीनें बाहेर पडला; आणि १९११ सालीं त्याच दरींत दीड लाखांहून अधिक लोक राहत होते! हा कोळसा जळतांना धूर थोडा व उष्णता फार देई. म्हणून ब्रिटिश आरमारानें तो पसंत केला, व एडन आणि पोर्ट सय्यद येथें आगबोटींसाठीं त्याचे सांठे ठेवले जात. १९१३ सालीं दक्षिण वेल्सच्या खाणींनीं सुमारें ५ कोटी ७० लक्ष टन कोळसा काढला, आणि त्यांत सुमारें सव्वा दोन लक्ष माणसें राबत होतीं.

हे आंकडे सरकारी कागदांत सांपडतात. परंतु एका मुलाला त्या काळोखांत बसून काय वाटलें, हें आंकड्यांत सांपडत नाहीं. सुदैवानें एकदां सरकारनेंच मुलांना विचारलें. १८४० सालीं नेमलेल्या चौकशीमंडळाच्या वतीनें आर. एच्. फ्रँक्स नांवाचे अधिकारी दक्षिण वेल्समध्यें गेले व खाणींतील मुलांचीं उत्तरें त्यांनीं लिहून घेतलीं. खाणींत हवा योग्य वाटेनें खेळावी म्हणून जागोजागीं लांकडी दारें असत. कोळशाची गाडी आली कीं दार उघडावयाचें आणि गेली कीं लावावयाचें, एवढेंच काम. म्हणून तें लहानांत लहान मुलांकडे दिलेलें असे. मर्थरजवळच्या एका खाणींत सात वर्षेंही पुरीं न झालेली एक मुलगी दाराजवळ दगडाच्या आडोशाला झोंपलेली आढळली. तिच्या दिव्यांतील तेल संपलें होतें. जागी केल्यावर तिनें सांगितलें कीं, आपला पाव व चीज उंदरांनीं कीं आणखी कोणी पळविलें, म्हणून आपण झोंपलों. दुसऱ्या एका सहा वर्षांच्या मुलीनें सांगितलें कीं, आपण सकाळीं सहाला येतों व संध्याकाळीं सहाला जातों. दिवा विझला किंवा भूक लागली कीं घरीं पळतों. अद्यापि कांहीं इजा झालेली नाहीं. त्या 'अद्यापि' शब्दावर, वाचकहो, क्षणभर थांबा. सहा वर्षांच्या मुलीस तो शब्द सुचतो, कारण इजा होते हें तिला ठाऊक असतें.

हा अहवाल १८४२ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांतील वर्णनांनीं आणि चित्रांनीं लोकमत इतकें हाललें कीं त्याच वर्षीं कायदा होऊन सर्व स्त्रियांस व दहा वर्षांखालील मुलग्यांस जमिनीखालीं काम करण्याची मनाई झाली. पुढें ही वयोमर्यादा १९०० सालीं तेरा व १९११ सालीं चौदा झाली. मुलांच्या तोंडची साधी हकीकत ऐकून घेतल्यानें देशाचा कायदा बदलला, हें या धड्यांतील पहिलें लक्षांत ठेवण्याजोगें कलम होय.

आतां खाणीवरून घराकडे वळूं. पुढील पिढ्यांतील लोकांनीं आपल्या बालपणाच्या ज्या आठवणी सांगितल्या, त्यांत दोन गोष्टी हटकून येतात : खाणीचा भोंगा आणि चुलीपुढील न्हाणें. खाणीवर स्नानाची सोय नव्हती. बाप व कमावते भाऊ काळेठिक्कर होऊन घरीं येत, आणि स्वयंपाकाच्या खोलींतच जस्ताच्या टपांत एकामागून एक स्नान करीत. त्यासाठीं पाणी भरणें, तें विस्तवावर तापविणें, जड भांडीं उचलणें व ओले मळके कपडे वाळविणें हें सर्व आईच्या वांट्यास येई. घरांतील तिघे पुरुष तीन निरनिराळ्या पाळ्यांस जात असले म्हणजे तिला रात्रंदिवस विश्रांति नसे. या ओझ्यामुळें गरोदर स्त्रियांस अपाय होई, व उकळत्या पाण्यानें मुलें भाजल्याचे प्रसंगही घडत. वेल्समध्यें खाणीवरील पहिलें स्नानगृह १९१६ सालीं ट्रेहॅरिस येथें झालें. कोळसा बापानें खणला खरा. पण खाणीचा निम्मा भार आईनें घरांत वाहिला. सरकारी आंकड्यांत या श्रमाचा एक तासही नोंदलेला नाहीं. तो मुलांच्या आठवणींनींच आपणांस कळविला आहे.

रविवारीं दरीचें रूप पालटे. भोंगा शांत असे, व बेथेल, एबेनेझर, सियोन अशीं नांवें धारण करणारीं प्रार्थनामंदिरें भरून जात. तेथील शब्बाथ शाळा केवळ मुलांची नसे. आजोबा आणि नातू एकाच दारांतून आंत जात व आपापल्या वर्गांत बसत. पुष्कळ कामकरी तेथेंच वाचावयास शिकले. संगीताचेंही शिक्षण तेथेंच होई. मर्थर येथें १८४१ सालीं जन्मलेला जोसेफ पॅरी नवव्या वर्षीं खाणींत व बाराव्या वर्षीं लोखंडाच्या कारखान्यांत काम करूं लागला. तोच पुढें वेल्सचा नामांकित संगीतरचनाकार झाला. वेल्श लोकांचें राष्ट्रगीतही याच दऱ्यांतील पाँटिप्रीद गांवीं इव्हॅन जेम्स व त्याचा मुलगा जेम्स या बापलेकांनीं १८५६ सालीं रचलें. १९०४-०५ सालची प्रसिद्ध धर्मजागृति ज्याच्या नांवाशीं जोडली जाते, तो इव्हॅन रॉबर्ट्स हाही लहानपणापासून कोळशाच्या खाणींत राबलेला होता. त्या जागृतीची वार्ता १९०५ सालीं पंडिता रमाबाईंच्या केडगांव येथील मुक्तिसदनांतही पोहोंचली होती, हें आपल्यापैकीं कित्येकांस ठाऊक असेल.

घरांत, मंदिरांत व पुष्कळ काळपर्यंत खाणींतही भाषा वेल्श असे. शाळेंत मात्र इंग्रजी. एकोणिसाव्या शतकांत कित्येक शाळांतून अशी रीत होती कीं, जें मूल वेल्श बोलतांना सांपडेल त्याच्या गळ्यांत एक लांकडी तुकडा अडकवावयाचा. त्या मुलानें दुसऱ्या कोणास वेल्श बोलतांना पकडलें कीं तो तुकडा त्याच्या गळ्यांत जाई. आणि शाळा सुटतांना ज्याच्या गळ्यांत तो असेल त्याला शिक्षा होई. मातृभाषेंत बोलणें हा अपराध, आणि मित्राची चहाडी हा सुटकेचा मार्ग! १८४७ सालीं वेल्श भाषा न येणाऱ्या तीन इंग्रज बॅरिस्टरांनीं वेल्सच्या शिक्षणावर अहवाल लिहून लोकांच्या मागासलेपणाचा पुष्कळसा दोष त्यांच्या भाषेवर व धर्मपंथावर लादला. तो अहवाल वेल्श लोक अद्यापि विसरलेले नाहींत. याच्या उलट एक उदाहरण आपल्या देशांतलें आहे. वेल्श मंडळ्यांनीं पाठविलेले थॉमस जोन्स हे १८४१ सालीं चेरापुंजीस आले, त्यांनीं खासी लोकांची भाषा शिकून घेतली व ती रोमन लिपींत लिहिण्याची पद्धति घालून दिली.

या कामकऱ्यांनीं शिक्षणासाठीं कोणाची वाट पाहिली नाहीं. आपल्या मजुरींतून थोडे थोडे पैसे कापून देऊन त्यांनीं गांवोगांव सभागृहें व वाचनालयें उभारलीं. ट्रेडीगर येथें १८९७ सालीं एका खाणकामगाराच्या घरीं जन्मलेला अॅन्युरिन बेव्हन तेराव्या वर्षीं शाळा सोडून खाणींत गेला. तो बोलतांना अडखळत असे. गांवच्या कामगार-वाचनालयांत त्यानें पुस्तकांवर पुस्तकें वाचलीं, व पुढें तोच पार्लमेंटांतील अत्यंत प्रभावी वक्त्यांपैकीं एक झाला. त्याच ट्रेडीगरांत कामकऱ्यांनीं वर्गणी जमवून डॉक्टर व औषधपाणी यांची सोय करणारी एक संस्था चालविली होती. बेव्हन आरोग्यमंत्री असतांना ५ जुलै १९४८ रोजीं सर्व ब्रिटनसाठीं मोफत वैद्यकीय मदतीची योजना सुरू झाली, तींत या लहानशा गांवच्या अनुभवाचा वांटा होता.

भोंग्याबद्दल अद्याप सांगावयाचें राहिलें. तो ठराविक वेळीं वाजला म्हणजे पाळी बदलली. भलत्याच वेळीं वाजला म्हणजे खाणींत अपघात झाला. मग ओळींतील प्रत्येक दार उघडे, आणि स्त्रिया हातांतील काम टाकून खाणीच्या तोंडाकडे धांवत. १४ ऑक्टोबर १९१३ रोजीं सकाळीं सेंगेनिद गांवच्या खाणींत असा स्फोट झाला. खाणींतील ज्वालाग्राही वायु पेटला कीं त्याच्या धक्क्यानें कोळशाची बारीक धूळ उडते, तीही पेटत जाते, आणि मागें विषारी वायु उरतो. आगींतून वांचलेला मनुष्य त्या वायूनें मरतो. त्या दिवशीं ४३९ कामकरी व बचावासाठीं उतरलेला एक मनुष्य असे ४४० जण मृत्यु पावले. ब्रिटनच्या खाणींतील हा सर्वांत भयंकर अपघात होय. याच खाणींत १९०१ सालीं ८१ माणसें दगावलीं होतीं. हवेचा प्रवाह उलट फिरवितां येईल अशी व्यवस्था १९११ च्या कायद्यानें आवश्यक केली होती. ती तेथें झालेली नव्हती. व्यवस्थापकास २४ पौंड व कंपनीस १० पौंड दंड झाला. ४४० जीव आणि ३४ पौंड. हा हिशेब दऱ्यांतील मुलांना पाढ्यांप्रमाणें पाठ झाला असल्यास नवल नाहीं. मजुरीवरूनही कलह होतच होते. एका नव्या थरांतील कोळशाला दर काय द्यावा, या वादावरून १९१० सालीं टाळेबंदी व संप होऊन नोव्हेंबरांत टोनीपँडी येथें दंगल झाली, आणि वर्षभर उपासमार सोसून लोक पुन्हां कामावर गेले.

पहिल्या महायुद्धानंतर कोळशाची मागणी घटली. दोन महायुद्धांमधील काळांत चार लाखांहून अधिक माणसें वेल्स सोडून गेलीं. पुढें खाणी एकामागून एक बंद पडल्या. १९८४-८५ चा वर्षभराचा संप फसला. ऱ्हाँडातील शेवटची मार्डी येथील खाण डिसेंबर १९९० मध्यें बंद झाली. टॉवर नांवाची खाण मात्र २३९ कामकऱ्यांनीं प्रत्येकीं आठ हजार पौंड घालून विकत घेतली व १९९५ पासून २००८ पर्यंत स्वतः चालविली. आज त्या डोंगरांवर पुन्हां गवत व झाडें दिसतात.

खाणी गेल्या, आठवणी जाऊं नयेत म्हणून तेथील लोकांनीं काय केलें तें पाहा. मोडीत निघालेल्या कामगार-वाचनालयांचे ग्रंथ गोळा करून १९७३ सालीं स्वॉन्झी येथें एक ग्रंथालय स्थापिलें, व वृद्ध खाणकामगारांचें बोलणें ध्वनिमुद्रित करून ठेविलें. कार्डिफजवळ सेंट फॅगन्स येथील संग्रहालयांत मर्थरमधील कामकऱ्यांच्या घरांची एक संबंध ओळ उचलून आणून बसविली आहे. तिच्यांतील सहा घरें १८०५ पासून १९८५ पर्यंतच्या सहा निरनिराळ्या काळांप्रमाणें मांडलेलीं आहेत.

परंतु आठवण जपणें म्हणजे ती जशीच्या तशी खरी मानणें नव्हे. या दऱ्यांतील बालपणाची जगांत सर्वांत गाजलेली कथा म्हणजे रिचर्ड लेवेलिन यांची १९३९ सालची एक कादंबरी. ती एका मुलाच्या आठवणींच्या रूपानें लिहिली आहे, आणि वाचणाऱ्यास वाटतें कीं लेखक तेथेंच वाढला असावा. वस्तुतः त्यांचा जन्म लंडनजवळचा होता. कादंबरी म्हणून तिचें मोल यामुळें कमी होत नाहीं. मात्र इतिहासाच्या अभ्यासकानें 'हें सांगणारा तेथें होता काय?' हा प्रश्न विचारलाच पाहिजे. खारीची गोष्ट अशीच आहे. प्रत्यक्ष खार कोणी पाहिली नसेल. पण झाडी होती व ती गेली, हें सत्य तींत आहे. आठवण नकाशाशीं, कागदाशीं आणि दुसऱ्या आठवणीशीं ताडून पाहावी, म्हणजे तिचें ज्ञान होतें.

असें ताडून पाहणें ही केवळ पंडितांची हौस नव्हे. मर्थरच्या दक्षिणेस टॅफच्या दरींत आबरव्हॅन नांवाचें गांव आहे. तेथील खाणींतून निघालेला दगडमातीचा राडा गांवाच्या वरच्या डोंगरावर टाकीत असत. असे सात ढीग झाले होते. सातवा ढीग १९५८ सालीं सुरू झाला, आणि तो झऱ्यांवर घातला गेला. हे झरे जुन्या नकाशांवर दाखविलेले होते. गांवांतील लोकांनाही ते माहीत होते. ढिगांपासून शाळेस धोका आहे, असें नगरपालिकेच्या इंजिनियरांनीं १९६३ सालीं पत्रानें कळविलें होतें. शाळेकडे वाहून येणाऱ्या पाण्याबद्दल पालकांनीं तक्रार केली होती. त्यांचें कोणीं मनावर घेतलें नाहीं. २१ ऑक्टोबर १९६६ रोजीं शुक्रवारीं सकाळीं सव्वा नऊच्या सुमारास, मुलें वर्गांत येऊन बसतात न बसतात तोंच, पाण्यानें भिजलेला तो ढीग सुटला आणि शाळेवर व घरांवर आला. ११६ मुलें आणि २८ मोठीं माणसें गेलीं. सहामाहीची सुट्टी लागण्यापूर्वींचा तो शाळेचा शेवटचा दिवस होता.

चौकशीमंडळानें १९६७ सालीं निर्णय दिला कीं, दोष राष्ट्रीय कोळसा मंडळाचा आहे व हें संकट टाळतां आलें असतें. तथापि कोणासही शिक्षा झाली नाहीं. उलट उरलेले ढीग हलविण्याच्या खर्चासाठीं, लोकांनीं शोकग्रस्तांकरितां दिलेल्या निधींतूनच दीड लक्ष पौंड घेतले गेले; ते १९९७ सालीं परत करण्यांत आले. १९६९ सालीं मात्र अशा ढिगांवर देखरेख ठेवणारा कायदा झाला.

आतां आरंभींच्या प्रश्नाकडे पाहूं. गांवाचा इतिहास कोठें लिहिलेला असतो? आबरव्हॅनचा इतिहास एका जुन्या नकाशावरील बारीक निळ्या रेघेंत व गांवकऱ्यांच्या तोंडीं होता. डोंगरावर काय टाकावें हें ठरविणाऱ्यांनीं ती रेघ वाचली नाहीं व ते शब्द ऐकले नाहींत. १८४२ सालीं मुलांचें ऐकलें गेलें म्हणून हजारों मुलें काळोखांतून बाहेर आलीं. १९६६ च्या आधीं पालकांचें ऐकलें गेलें नाहीं म्हणून एक शाळा मातीखालीं गेली.

विद्यार्थिमित्रहो, या सुट्टींत घरांतील अथवा शेजारच्या सर्वांत वृद्ध माणसाजवळ बसा आणि तीन प्रश्न विचारा. तुमच्या लहानपणीं येथें पाणी कोठून वाहत असे? दिवसभर कोण काय काम करीत असे? आणि तुम्हीं कशाची तक्रार केली असतां कोणीं ऐकली नाहीं? उत्तरें वहींत तारीख घालून लिहा, व दुसऱ्या एका वृद्धास तेच प्रश्न विचारून ताडून पाहा. पालकांस विनंति एवढीच कीं, मुलें विचारावयास आलीं तर त्यांस 'त्यांत काय आहे' म्हणून परत पाठवूं नये. त्यांत काय आहे हें कधीं कधीं फार उशिरां कळतें.